शहाणपण नको, अर्जावर शिक्का मारा



अंक उशिरा निघतोय. कागदाचे पैसे जमले होते, पण मीच गावाकडं अडकून पडलो होतो. मुरुमला. उमरगा तालुका, आताचा धाराशिव जिल्हा. चुलतीच्या खात्यातनं अठरा हजार चारशे रुपये गेले आणि त्यापायी मी आठ दिवस बँकेच्या पायऱ्या झिजवल्या. म्हणून यावेळचं संपादकीय साहित्यावर नाही. कवितेवर वाद घालणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

घडलं ते असं. फोन आला. बाई गोड बोलली, मराठीत बोलली. लाडक्या बहिणीचं केवायसी अडलंय, आज नाही केलं तर दीड हजार बंद. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक फाईल आली, नावाच्या शेवटी एपीके लिहिलेली. चुलतभावानं ती दाबली. फोननं विचारलं, मेसेज वाचू देऊ का? पोरगं होय म्हणालं. मग एक फॉर्म उघडला, त्यात एटीएम कार्डाचा नंबर भरला. संपलं. असली फाईल एकदा फोनमध्ये शिरली की बँकेचा ओटीपी येतो तो घरच्यांच्या आधी चोर वाचतो. रात्रीतनं तीन वेळा पैसे गेले. रोजानं खुरपून, एकेक नोट मागं टाकून साठवलेले पैसे.

सकाळी शाखा उघडायच्या आधी चुलती दारात. साहेब म्हणाले, "ओटीपी कुणाला दिलास?"

"म्या कुणाला बी दिला न्हाई साहेब."

"मग काय भुतानं नेले? लिहिता-वाचता येत नाही आणि मोबाईल घेऊन हिंडतात."

रांगेतली माणसं हसली. हे हसणं मला ओळखीचं आहे. शाळेत ऐकलंय, कचेरीत ऐकलंय, बापानं पाणवठ्यावर ऐकलंय. चुलतीला पैशापेक्षा ते जास्त लागलं. लेखी अर्ज साहेबांनी घेतलाच नाही. बँकेचं नाव छापत नाही. दुसऱ्या शाखेत गेलात तरी हाच साहेब भेटायचा संभव आहे.

आता जरा पुण्याकडं बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतनं चोरांनी ९४ कोटींवर रक्कम नेली, दोन दिवसांत, बरीचशी देशोदेशीच्या एटीएममधनं. तिथं संगणकाचे जाणकार होते, यंत्रणा होती, पगारी पहारा होता. त्या बँकेला कुणी म्हणालं का, लिहिता-वाचता येत नाही आणि संगणक घेऊन हिंडता? बँक लुटली गेली की तो आंतरराष्ट्रीय कट होतो. खुरपणारी बाई लुटली गेली की तो तिचा अडाणीपणा!

"सावध राहा" असा बोर्ड प्रत्येक शाखेत आहे. राहू की सावध. पण दुसरा बोर्ड का नाही? ६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं. बिगर परवानगीच्या ऑनलाइन व्यवहारात ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर टाकलं. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, चोर तिसराच, आणि ग्राहकानं तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य. गलथानपणा बँकेचा असेल तर ग्राहकानं कळवलं असो-नसो, शून्यच. ग्राहकानं स्वतः माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

म्हणजे सगळा खेळ कळवण्याच्या वेळेवर आहे. साहेबानं अर्ज नाकारला तो नुसता उर्मटपणा नव्हता. त्यानं चुलतीचं घड्याळ चोरलं.

आणि माहिती दिली म्हणजे बँक सुटली, असंही नाही. पुण्याच्या एका कारखानदारानं खोट्या ईमेलला उत्तर दिलं होतं, खात्यातनं ८० लाख गेले होते. महाराष्ट्राचे माहिती तंत्रज्ञान सचिव आयटी कायद्याखाली अशा दाव्यांचा निवाडा करतात. २०१३ साली त्यांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख द्यायला लावले. चोरांची खाती नीट तपासणी न करता उघडली, हा बँकेचा दोष धरला. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाखांवर रुपये परत करायला सांगितलं, त्याच २०१७ च्या परिपत्रकाच्या आधारानं. बघा, दोन्हीकडं लढणारे धंदेवाले. वकील परवडणारे. कायदा आहे, पण तो इंग्रजीत आहे आणि मुरुमच्या शाखेत तो कुणी चुलतीला वाचून दाखवत नाही.

३० डिसेंबर २०१६ ला सरकारनं पैसे पाठवायचं ॲप काढलं आणि नाव ठेवलं भीम. रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली लंडनमधनं ग्रंथ काढणाऱ्या आमच्या बापाचं नाव ॲपला चालतं. त्याच्या लेकीचा अर्ज काउंटरवर चालत नाही.

आता जरा आपल्याच ताटात बघू. चोरीचा पैसा हवेत जात नाही, कुणाच्या तरी खात्यात उतरतो. ती खाती भाड्याची असतात. वसतिगृहातल्या पोराला कुणीतरी म्हणतं, तुझं पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला चार-पाच हजार घे. शिष्यवृत्ती रखडलेली, मेसचं बिल थकलेलं, पोरगं देऊन टाकतं. पोलीस येतात ते त्याच्याच दारात, टोळीवाला कधीच पसार झालेला असतो. रखडलेल्या शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढू, पण खातं भाड्यानं देणाऱ्याची बाजू हे मासिक घेणार नाही. त्या पैशात कुठल्यातरी वस्तीतली माझी चुलती असते.

शहरात राहणाऱ्यांनी एवढं करा. गावाकडनं असा फोन आला की आधी शिव्या देऊ नका, १९३० लावा. तो तास महत्त्वाचा, पैसा पुढच्या खात्यात अडवता येतो. मग बँकेच्या तक्रार नंबरवर कळवून नोंद नंबर लिहून घ्या. मग अर्ज, दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख. नाही दिला तर अर्ज स्पीड पोस्टानं टाका.

चुलतीच्या अर्जावर शिक्का मिळाला चौथ्या दिवशी, मी काउंटरला उभा राहिलो तेव्हा. पहिल्या सकाळी ती आली होती, हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलंय, आणि शाखेत कॅमेरा आहे, त्यातलं चित्रण जपून ठेवा असंही लिहिलंय. पैसे अजून आले नाहीत. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जायचा कागद तयार आहे. खाली चुलतीची सही आहे. अंगठा लावते का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली. दोन दिवस गिरवून तिनं नाव लिहिलंय.

जय भीम.