सायकलवाटेचा अपराध

वांद्रे-कुर्ला संकुलातील सायकलमार्ग काढून टाकून ती जागा मोटारींच्या हवाली करण्याचा निर्णय मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२५ साली जाहीर केला. संकुलात वाहनांची कोंडी असह्य झाली आहे व सायकलमार्गाचा उपयोग होत नाही, हे त्याचे कारण. ज्या प्राधिकरणाने सार्वजनिक पैशाने हा मार्ग बांधला, तेच आता सार्वजनिक पैशानेच तो मोडावयास निघाले. सायकलस्वारांनी या निर्णयास विरोध केला. अशा विरोधकांची 'मूठभर हौशी मंडळी' म्हणून संभावना करण्याची आपल्याकडे रीतच आहे. त्या मूठभरांचा पक्ष घेऊन चार शब्द लिहावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रतिपक्षाच्या म्हणण्यात जे खरे आहे, ते प्रथम मान्य करणे न्यायाचे होईल. कोंडी खोटी नाही. कचेऱ्या सुटण्याच्या वेळी त्या संकुलातून बाहेर पडणे म्हणजे काय दिव्य असते, हे तेथे नोकरी करणाऱ्या कोणासही विचारावे. सायकलमार्ग बहुधा रिकामा असे, हेही खोटे नाही. परंतु एखादी वस्तू वापरात नाही एवढ्यावरून ती निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे, हा तर्कशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतील प्रमाद होय. ती वापरात का नाही, हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. वांद्रे आणि कुर्ला ही दोन्ही स्थानके संकुलापासून दोन-तीन किलोमीटरांवर आहेत. सायकलीस याहून सोयीचे अंतर कोणते? पण हा मार्ग होता संकुलाच्या हद्दीपुरता. स्थानकावर उतरलेल्या मनुष्याने तेथपर्यंत सायकल कशी न्यावी, याचा विचार कोणी केला नाही. जेथे मार्ग होता तेथेही मोटारी व दुचाक्या बिनदिक्कत उभ्या राहत, आणि त्यांस हटविण्याचे अगत्य कोणास वाटले नाही. गावाबाहेर विहीर खणावी, तिच्याकडे जाणारी पाऊलवाट ठेवू नये, तिच्यात केरकचरा पडू द्यावा, आणि शेवटी 'येथे कोणी पाणी भरीत नाही, गावाला तहानच नाही' असे म्हणून ती बुजवावी, तशातला हा प्रकार आहे. अपराध विहिरीचा नव्हे.

आता दुसरा मुद्दा. सायकलमार्ग काढल्याने कोंडी हटेल, असे गृहीत धरले जाते. थोडे दिवस दिलासा मिळेलही. परंतु रस्ता रुंद केला की त्यावर पूर्वी न येणारी वाहने येऊ लागतात, हा जगभरचा अनुभव आहे. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकन शहरांची आकडेवारी तपासून दाखविले की, महामार्गांच्या पदरांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात त्यांवरील वाहतूकही वाढते. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात केटी फ्रीवे नावाचा रस्ता २००८ पर्यंत इतका रुंदावण्यात आला की काही ठिकाणी, बाजूचे रस्ते धरून, त्याचे सव्वीस पदर झाले. तरीही पुढील काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. जे काम सव्वीस पदरांस साधले नाही, ते येथे वाढणाऱ्या एका पदरास कसे साधणार? शिवाय कोंडी होते ती मुख्यतः चौकांत आणि संकुलाबाहेर पडण्याच्या तोंडांशी. नरसाळ्याची नळी तेवढीच ठेवून त्याचे वरचे तोंड मोठे केल्याने तेल लवकर उतरत नाही. केवळ अधिक तेल तुंबून राहते.

हा वाद एकट्या मुंबईचा नाही. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून टोरांटो शहरातील ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या तीन मोठ्या रस्त्यांवरील सायकलमार्ग काढण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. कारण तेच : कोंडी. तेथील सायकलस्वार केवळ निषेधाचे ठराव करून थांबले नाहीत. ते न्यायालयात गेले. ३० जुलै २०२५ रोजी न्यायाधीशांनी निर्णय दिला की, हे मार्ग काढल्याने कोंडी कमी होईल असे पुराव्यावरून दिसत नाही, उलट सायकलस्वारांच्या जिवास असलेला धोका वाढेल, आणि म्हणून ही कृती नागरिकांच्या घटनादत्त हक्कांचा भंग करणारी आहे. सरकारने त्यावर अपील करण्याचे जाहीर केले. कायद्याचा शेवटचा शब्द काहीही होवो. त्या खटल्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मार्ग काढणाऱ्यासही आपल्या म्हणण्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि 'सर्वांस दिसतेच आहे' हा पुरावा नव्हे.

यावर कोणी म्हणेल, टोरांटोत लोक सायकली चालवितात, आपल्याकडे चालवितो कोण? हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा पहाटे उठून आपल्याच दाराशी उभे राहावे. पाव घेऊन येणारा सायकलवर येतो. रात्रपाळी संपवून पहारेकरी घरी जातो तो सायकलवर. दुपारी कचेरीत आपला जेवणाचा डबा पोहोचतो, त्याच्याही वाटेत कोठे तरी सायकल असते. या लोकांनी हौस म्हणून सायकल घेतलेली नाही, आणि ते सभांतून भाषणेही करीत नाहीत. त्यांची गणना 'वाहतुकी'त होत नाही, ती केवळ अपघातात होते. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. तेथे सायकल कोणी कायद्याने बंद केली नाही. रस्ते रुंद होत गेले, वेग वाढत गेला, आणि एके दिवशी आईबापांस मुलाला सायकलवर शाळेत पाठविण्याचे भय वाटू लागले. ते भय आपण मध्यमवर्गीयांनी दुचाकी आणि मग मोटार घेऊन स्वतःपुरते मिटविले. ज्यांस ते परवडले नाही, ते अजून त्याच रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून जात आहेत.

मोडकातोडका मार्ग तसाच राखावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. तो स्थानकांपर्यंत न्यावा. त्यावर उभ्या राहणाऱ्या वाहनांस दंड करावा. चौकात सायकलीस पुढे जाण्याची सोय करावी. कडेला सावलीची झाडे लावावीत. भुयारी मेट्रो २०२४ च्या ऑक्टोबरात संकुलापर्यंत आली. तिच्यातून उतरणाऱ्यास कचेरीच्या दारापर्यंत नेणारे साधन आज पूर्वीपेक्षाही अधिक अवश्य आहे. एवढे करून दोन वर्षे वाट पाहावी, आणि तरीही मार्ग ओस राहिला तर तो खुशाल काढावा. मी हरकत घेणार नाही.

परंतु आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्यापूर्वीच त्यास शिक्षा द्यावयाची असेल, तर निदान आरोप तरी योग्य त्या पक्षावर ठेवावा. एकेका मनुष्यासाठी एकेक मोटार रस्त्यावर आणून कोंडी करणारे आपण आहोत. रस्त्याच्या कडेची ती अरुंद वाट नव्हे.