विश्लेषण : गेमिंगसाठी टीव्ही घेताना खोक्यावरील ‘१२०’ किती खरा?

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि मोठा पडदा अनेक घरांच्या आवाक्यात आला. घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स असेल, तर टीव्ही निवडताना ‘गेमिंग’ या शब्दाचे वजन वाढते. दुकानदार ‘फोर-के’, ‘१२० हर्ट्झ’, ‘एचडीएमआय २.१’ अशी जंत्री वाचून दाखवतो. यातील काही शब्द कामाचे आहेत, काही निव्वळ दिशाभूल करणारे. ४०-५० हजार रुपये किंवा त्याहून अधिक मोजण्यापूर्वी हा फरक समजून घेणे आवश्यक ठरते.

दोष खेळणाऱ्याचा की पडद्याचा?

क्रिकेटच्या गेममध्ये चेंडूचा टप्पा ओळखून वेळेवर बटण दाबले, तरी बॅट उशिरा फिरते आणि त्रिफळा उडतो. अशा वेळी चूक खेळणाऱ्याचीच असते असे नाही. कन्सोलकडून आलेले चित्र पडद्यावर उमटेपर्यंत जो वेळ जातो, त्याला ‘इनपुट लॅग’ म्हणतात. चित्र अधिक देखणे दिसावे म्हणून टीव्ही त्यावर बऱ्याच प्रक्रिया करतो. कडा ठळक करणे, रंग गडद करणे, दोन चित्रांच्या मध्ये तिसरे चित्र घालून हालचाल गुळगुळीत करणे, या साऱ्याला वेळ लागतो. चित्रपट किंवा मालिका पाहताना हा विलंब जाणवत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवता येतो. खेळताना मात्र तो लगेच बोचतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. टीव्हीने १०० मिलिसेकंद घेतले, तर खेळणारा सहा चित्रे मागे असतो.

‘गेम मोड’ने काय साधते?

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ निवडला, की बहुतेक अनावश्यक प्रक्रिया बंद होतात. चांगल्या टीव्हीत विलंब १० ते २० मिलिसेकंदांपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. नवा टीव्ही घेण्यापूर्वी जुन्या टीव्हीत ही सोय आहे का, हे आधी पाहावे. कदाचित खर्चच वाचेल. ‘एएलएलएम’ ही सुविधा असल्यास कन्सोल सुरू होताच टीव्ही आपोआप या मोडमध्ये जातो. जाहिरातीत ठळक छापलेला ‘एक मिलिसेकंद रिस्पॉन्स टाइम’ हा इनपुट लॅग नव्हे. पडद्यावरील ठिपका किती झटकन रंग बदलतो, एवढेच तो आकडा सांगतो.

‘१२० हर्ट्झ’ची मेख कुठे आहे?

पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवू शकतो, याचे माप म्हणजे ‘रिफ्रेश रेट’. खऱ्या १२० हर्ट्झच्या पॅनेलवर प्रत्येक चित्र ८.३ मिलिसेकंदांनी बदलते आणि वेगवान गेम अधिक स्वच्छ दिसतो. मात्र ‘मोशन रेट १२०’ किंवा त्यासारख्या नावांमागे अनेकदा ६० हर्ट्झचेच पॅनेल असते. उरलेला वेग सॉफ्टवेअरच्या करामतीचा असतो. ‘डीएलजी’ हे दुसरे तंत्र. यात ६० हर्ट्झचे पॅनेल १२० चित्रे दाखवते खरे, पण उभ्या दिशेतील निम्म्या रेषांचा बळी देऊन. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा : पॅनेलचा मूळ, म्हणजेच ‘नेटिव्ह’ रिफ्रेश रेट किती?

एचडीएमआय २.१ लिहिले म्हणजे झाले?

नाही. एचडीएमआय २.० मधून सेकंदाला कमाल १८ गिगाबिट माहिती जाते, तर २.१ ची कमाल मर्यादा ४८ गिगाबिट आहे. पण २.१ मधील नव्या सुविधा ऐच्छिक आहेत, असे या मानकाचा परवाना देणाऱ्या संस्थेनेच २०२१ मध्ये स्पष्ट केले होते. त्यामुळे ‘२.१’चा शिक्का असूनही टीव्ही फोर-के चित्र १२० हर्ट्झने घेऊ शकेलच असे नाही. चित्रांचा वेग कमीजास्त झाला तरी पडदा फाटल्यासारखा दिसू नये यासाठी असलेली ‘व्हीआरआर’ सुविधाही वेगळी विचारून घ्यावी लागते. शिवाय चारपैकी एक-दोन पोर्टच पूर्ण क्षमतेचे असतात आणि कधी त्यातलेच एक साउंडबारसाठी अडकते.

सर्वांनाच महागडा टीव्ही हवा का?

हे घरात कोणते यंत्र आहे, यावर ठरते. प्लेस्टेशन ४ किंवा पहिला निन्टेंडो स्विच ६० हर्ट्झच्या पुढे जात नाही. तिथे कमी विलंबाचा ६० हर्ट्झचा टीव्ही पुरेसा आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स फोर-के १२० हर्ट्झ देऊ शकतात, पण अनेक गेम आजही ३० किंवा ६० चित्रांवरच चालतात. मोबाइलवरील गेम वायरलेस पद्धतीने टीव्हीवर दाखवल्यास विलंब वाढतो. तो दोष महागडा टीव्ही घेऊनही जात नाही.

ओलेड घ्यावा का?

ओलेड पडद्याचा काळा रंग गडद आणि प्रतिसाद अतिशय जलद असतो. मात्र एकच स्थिर चित्र तासन्‌तास राहिल्यास त्याचा कायमचा डाग उमटण्याचा धोका असतो. घरातला टीव्ही एकटा मुलगा वापरत नाही. दिवसभर वृत्तवाहिनीची पट्टी आणि रात्री गेममधील धावफलक, असा वापर असेल तर एलईडी पडदा अधिक निर्धास्त.

खरेदीनंतर खातरजमा कशी करावी?

परत करण्याची मुदत संपण्याआधी कन्सोल जोडून सेटिंगमधील व्हिडीओ आउटपुटची माहिती उघडावी. टीव्ही कोणते रिझोल्यूशन किती हर्ट्झने स्वीकारतो, ते तिथे दिसते. पण ही तपासणी ग्राहकाने घरी आणल्यावर करावी लागणे, हेच मुळात योग्य नाही. टीव्ही किती वीज खातो, हे सांगणारे तारे सर्वांना समजतात. तसाच पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट, गेम मोडमधील विलंब आणि पूर्ण क्षमतेच्या पोर्टची संख्या खोक्यावर ठळक छापणे कंपन्यांना अवघड नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तरतूद आहेच. ती टीव्हीच्या खोक्यापर्यंत पोहोचत नाही, तोवर ग्राहकाने ‘नेटिव्ह किती?’ हा प्रश्न विचारावा आणि उत्तर बिलावर लिहून घ्यावे.