अपराध एकट्या धुळीचा नव्हे

जॉन स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) ही कादंबरी म्हणजे अवर्षणाने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांची करुण कहाणी, असे सर्रास सांगितले जाते. हे वर्णन अपुरे तर आहेच. शिवाय ते खऱ्या अपराध्यांना अलगद मोकळे सोडते.

कादंबरीतील जोड कुटुंब पूर्व ओक्लाहोमातील सॅलिसॉचे. १९३५ च्या धुळीच्या वादळांचा मुख्य पट्टा तेथून शेकडो मैल पश्चिमेला होता. मग अशा कुळांना घरदार का सोडावे लागले? अवर्षण होते, कापसाचे भावही कोसळले होते. परंतु भाव सावरण्यासाठी १९३३ च्या कृषी समायोजन कायद्याने लागवड घटविणाऱ्यांना सरकारी पैसा देऊ केला. त्याचा मोठा वाटा जमीनमालकांच्या पदरात पडला. अनेकांनी कुळे काढून टाकली आणि ट्रॅक्टर आणले. याला निसर्गाचा कोप म्हणायचे काय?

कॅलिफोर्नियात तरी काय वाढून ठेवले होते? फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी शंभराहून अधिक पोलीस थेट राज्याच्या सीमेवर धाडले आणि निर्धन दिसणाऱ्यांना माघारी पिटाळले. स्वदेशाच्याच नागरिकांना ही वागणूक! १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने कारखान्यातील कामगारांच्या संघटनेला संरक्षण दिले. शेतमजूर मात्र त्यातून वगळले गेले. कॅलिफोर्नियाने स्वतःचा कायदा करून त्यांना हे संरक्षण दिले, ते थेट १९७५ मध्ये.

लेखकाने अतिशयोक्ती केली, असा कांगावा बड्या बागायतदारांनी केला. ऑगस्ट १९३९ मध्ये कर्न परगण्याने तर आपल्या शाळा-ग्रंथालयांतून ही कादंबरी हद्दपार केली. परंतु सिनेटच्या ला फॉलेट समितीने कॅलिफोर्नियात सुनावण्या घेतल्या, तेव्हा मजुरांच्या संघटना चिरडण्याचे बागायतदारांचे उद्योग अधिकृतपणे नोंदले गेले. १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्धनांना राज्यात आणणे गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदाही घटनाबाह्य ठरविला. कांगावा कोणाचा होता, हे यावरून स्पष्ट व्हावे.

म्हणून ही कादंबरी मुलांच्या हाती देताना केवळ दुष्काळाची गोष्ट सांगून थांबू नये. पाऊस कोणाच्या हाती नसतो, हे खरे. पण संकटाचा भार कोणाच्या खांद्यावर टाकायचा, हे कायदे करणारी आणि जमिनी राखणारी माणसेच ठरवीत असतात. जाब त्यांनाच विचारला पाहिजे.