संसारांतील लहानसान गोष्टी : चाकाचें वय

पन्नाशीच्या आंतबाहेरचा गृहस्थ आपलें वय दोन वर्षांनीं कमी सांगतो आणि पंचाहत्तरी ओलांडलेला दोन वर्षांनीं वाढवून सांगतो, हा माझा जन्माचा अनुभव आहे. रबरी टायर मात्र आपलें खरें वय अंगावर अंकांनीं लिहून हिंडत असतो, आणि तें वाचण्याची तसदी कोणी घेत नाहीं. मीं छत्तीस वर्षें मुलांस वाचावयास शिकविलें. पण हे चार अंक मला सहासष्टाव्या वर्षीं, एक हाड मोडल्यानंतर वाचतां आले. हाड माझें मोडलें नाहीं, हें अधिक वाईट. त्याचीच हकीकत ह्या महिन्यांत सांगणार आहें.

नित्याच्या वाचकांस ठाऊक आहे, कीं नोकरींतून मोकळा झाल्यापासून मी पानशेतास आमच्या एकत्र घरीं राहतों. शेत धाकटे बंधु पाहतात. हिशेबाची वही माझ्याकडे असते. घरीं एक ट्रॅक्टर आहे व त्यामागें ओढावयाची चार चाकांची ट्रॉली आहे. ही ट्रॉली वर्षांतून फार तर तीस-चाळीस दिवस राबते : उन्हाळ्यांत शेणखत आणि दिवाळीनंतर भात. बाकीचे दिवस ती खळ्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभी. त्यामुळें टायरांची नक्षी झिजण्याचें कारणच नव्हतें. मागें बंधूंनीं टायर बदलण्याची गोष्ट काढली, तेव्हां मीं नक्षीच्या खाचेंत बोट घालून तिची खोली दाखविली, ‘नव्यासारखी वस्तु टाकणें हा लक्ष्मीचा अपमान आहे’ असें म्हटलें, आणि तो खर्च वहींतून खोडला. माझ्या हातची ती रेघ अजून वहींत आहे.

२०२४ च्या डिसेंबरांत आमचें व शेजाऱ्यांचें मिळून ८० पोतीं भात घेऊन ट्रॉली पुण्यास निघाली. दोन गडी पोत्यांवर बसले होते. खानापुराच्या अलीकडे एका वळणावर मागचा डावा टायर फुटला. ‘फुटणें’ ह्या शब्दाचा अर्थ पानशेतकरांस कोशांत पाहावा लागत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं येथलें धरण फुटून पुण्याच्या नदीकांठीं केवढा हाहाकार झाला, हें येथील पोरासोरांसही माहीत आहे. परंतु आपण घरीं बसून ओढलेली रेघ चार कोसांवर जाऊन फुटते, हें मला त्या दिवशीं कळलें. ट्रॉली कलली, दहा-बारा पोतीं घरंगळलीं, त्यांबरोबर एक गडी खालीं आला आणि त्याचा उजवा हात मोडला. औषधपाण्याचा खर्च व बुडालेली मजुरी आम्हीं दिली. पण तेवढ्यानें ऋण फिटलें, असें म्हणण्याचा मला धीर होत नाहीं.

बंधूंचा मुलगा अमेरिकेंत असतो. तो त्याच नाताळच्या सुटींत सहकुटुंब घरीं आला. तिकडे कित्येक कुटुंबें स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर यांसह चाकांवरचें एक सबंध घरच मागें ओढीत सुटीस निघतात. अशा घरांच्या एका मोठ्या प्रकारास ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पांचवें चाक, असें म्हणतात. हें घर ओढणाऱ्या गाडीच्या शेपटीस अडकविलेलें नसतें; ट्रकच्या हौद्यांत, मागच्या कण्याच्या वर एक जोड बसविलेला असतो, त्यावर तें पुढच्या अंगानें टेंकतें, आणि त्याच्या वजनाचा पांचवा ते चौथा हिस्सा ट्रकवर येतो. नांव मात्र जुन्या घोडागाडीपासून आलेलें आहे. चारचाकी बग्गीचा पुढचा कणा वळावा म्हणून त्यावर एक आडवें कडें बसवीत. तेंच पांचवें चाक. ‘‘काका, आपल्या ट्रॉलीच्या पुढच्या कण्यावरही तेंच कडें आहे पाहा,’’ असें पुतण्यानें मला दाखविलें. त्याच्या सात टनी घराचाही टायर एकदां भर रस्त्यांत फुटला होता. म्हणून ही विद्या त्यास पदरचे पैसे मोजून मिळालेली होती.

त्यानें आमच्या फुटक्या टायराच्या बाजूवरील चिखल पुसला. खालीं एका लांबट चौकटींत चार अंक निघाले : २३११. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत, जून महिन्यांत, हा टायर जन्मला. फुटला त्या दिवशीं तो साडेतेरा वर्षांचा होता. मीं ज्या नक्षीवर बोट ठेवून निकाल दिला, तिच्यांतून हें वय कधींच दिसलें नसतें.

आपल्याकडील लांकडी चाकास तुंबा, आरे आणि पुठ्ठे असत. संस्कृतांत त्यांस नाभि, अर आणि नेमि म्हणतात. त्यावर लोहार लोखंडी धांव तापवून चढवी. उन्हाळ्यांत लांकूड आटून धांव सैल झाली, कीं ती खडखडूं लागे, आणि गाडीवान चाक पाण्यांत भिजत ठेवी. रबर असा कांहीं इशारा देत नाहीं. ऊन, हवा व हवेंतील ओझोन वायु यांनीं तें हळूहळू कडक होतें, बाजूंवर केसासारख्या भेगा पडतात, आणि आंतील थरांची एकमेकांवरील पकड सुटूं लागते. रबरांत संरक्षणासाठीं मेणासारखें द्रव्य मिसळलेलें असतें. चाक फिरतांना टायर दबतो व उसळतो, त्यामुळें तें पृष्ठभागावर येत राहतें. उभ्या गाडीच्या टायरास हा लाभ मिळत नाहीं. म्हणून रोज राबणारा टायर झिजून निकामी होतो, आणि बसून राहणारा वयानें होतो. कांहीं मोठे कारखानदार स्वतःच सांगतात, कीं पांच वर्षांनंतर टायर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावे, आणि नक्षी कशीही असली तरी दहा वर्षांपुढें वापरूं नयेत. मागें ओढावयाच्या गाड्यांचे टायर अनुभवी लोक पांच-सात वर्षांतच बदलतात.

नवे टायर घ्यावयाचे ठरलें, तेव्हां मी दुकानांत भाव विचारावयास निघालों. पुतण्यानें मला थांबविलें. ‘‘अगोदर वजन, मग भाव,’’ तो म्हणाला. शेजाऱ्याच्या ट्रॉलीचीं नवीं चाकें दोन दिवसांसाठीं मागून आणलीं, तितकींच पोतीं तशींच रचलीं, आणि कोणासही वर न बसवितां ट्रॉली सावकाश वजनकाट्यावर नेली. प्रथम सबंध ट्रॉली, मग केवळ मागचीं चाकें, मग केवळ मागचें डावें चाक, असें तीन वेळां वजन केलें. रिकामी ट्रॉली १,४०० किलोंची, भरलेली ५,४०० ची. पुढच्या कण्यावर २,४०० आणि मागच्यावर ३,००० किलो. त्यांतले १,६०० एकट्या डाव्या चाकावर. पोतीं रचणारांनीं मागें व डाव्या अंगास अधिक रचलीं होतीं. डोळ्यांस तें कांहींच दिसत नव्हतें.

आतां टायर किती पेलतो, तेंही त्याच्या अंगावर असतें. मापाच्या पुढें एक आंकडा असतो, त्यास भारांक म्हणूं. तो किलोंचा आंकडा नव्हे; त्याचें कोष्टक असतें. ११८ म्हणजे १,३२० किलो, १२१ म्हणजे १,४५०, १२८ म्हणजे १,८००. आमच्या जुन्या टायरावर ११८ होता. म्हणजे साडेतेरा वर्षांच्या त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर आम्हीं त्याच्या भर तारुण्यांतील शक्तीपेक्षांही २८० किलो अधिक लादले होते. हें त्रैराशिकही नव्हे, साधी वजाबाकी आहे. आणि ती मीं गणिताच्या तासाला हजारों मुलांकडून करवून घेतली आहे!

आम्हीं दोन गोष्टी केल्या. टायर १२८ भारांकाचे ठरविले, आणि एका खेपेस ८० ऐवजीं ६४ पोतीं न्यावयाचीं, तींही दोन्ही अंगांस सारखीं रचून, असें ठरविलें. केवळ मोठा टायर घेऊन मागील ओझें चालू ठेवलें, तर कणा किंवा रिम कुरकुरूं लागेल. तसेंच अधिक भाराचा टायर अधिक हवा मागतो. पुतण्याच्या गाडीस लागणाऱ्या एकाच मापाच्या टायरांत एक प्रत चौरस इंचास ८० पौंड दाबावर सुमारें १,६०० किलो पेलते, दुसरी ११० पौंड दाबावर सुमारें २,०००. तेव्हां आपली रिम व तिचा व्हॉल्व्ह तेवढा दाब सोसण्याजोगा आहे कीं नाहीं, हें दुकानदारास आधीं विचारावें.

हवा सकाळीं, गाडी हलविण्यापूर्वीं, टायर थंड असतांना मोजावी. हवा कमी असली, कीं टायराची बाजू प्रत्येक फेऱ्यांत अधिक वांकते, वांकण्यानें तापते, आणि तापल्यानें थर सुटतात. मोटारीचा टायर बसला तर चालकास सुकाणूवर कळतें. मागें ओढलेल्या गाडीचा बसला तर त्यास मैलभर पत्ता लागत नाहीं. ह्यासाठींच ओढावयाच्या गाडीस हवेची काळजी अधिक.

दुकानांत ज्यांस ‘नायलॉन’ टायर म्हणतात ते आणि रेडियल, यांची एका कण्यावर भेसळ करूं नये. एका कण्यावरील दोन्ही टायर एकाच मापाचे, जातीचे व वयाचे असावे. घेतांना चार अंक आपण स्वतः वाचावे. नवा म्हणून दिलेला टायर दुकानाच्या माळ्यावर तीन वर्षें पडलेला असला, तर त्याचीं तीन वर्षें आपल्या हिशेबांतून गेलींच. चाकें चढविल्यावर पन्नास-शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हां आवळावे. स्टेपनीचें वयही ह्याच वेळीं पाहावें, कारण ती सर्वांत अधिक बसून असते.

जुन्या टायरांवर नवें रबर चढवून घ्यावें, अर्ध्याहून कमी खर्चांत काम होईल, अशी सूचना घरांतून आलीच. ही रीत मुळांत वाईट नाहीं; लांब पल्ल्याचे ट्रकवाले तिच्यावर चालतात. पण त्यांचे टायर वर्षा-दोन वर्षांत झिजतात, आंतील सांगाडा तरुण असतो. आमच्यांत सांगाडाच म्हातारा. त्यावर नवी नक्षी म्हणजे केसांस कलप. तरीही माझा हात वहीकडे जाईना. चारही टायर एकदम घ्यावयाचे, आणि त्यांतले तीन तर फुटलेलेही नव्हते!

तेव्हां धाकटी भावजय स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, ‘‘भावोजी, गॅसची रबरी नळी आपण पांच वर्षांनीं बदलतों, ती काय फुटल्यावर बदलतों?’’ मला उत्तर सुचलें नाहीं. मीं वहींत चार टायरांची रक्कम लिहिली, आणि जुन्या रेघेपुढें त्या दिवसाची तारीख घातली.

आतां ट्रॉली पत्र्याच्या सावलींत उभी असते. लांबलचक विश्रांतीच्या आधीं तिच्या कण्यांखालीं लांकडी ठोकळे देऊन चाकांवरील भार कमी करतों, टायरांवर गोणपाट टाकतों, आणि महिन्यांतून एकदां तिला खळ्याभोंवतीं फिरवून आणतों. भरल्या ट्रॉलीवर कोणीही बसावयाचें नाहीं, हा घरचा नियम आहे. कायदाही तेंच सांगतो, पण आम्हांस तो उशिरां ऐकूं आला.

वाचकांपैकीं बहुतेकांकडे ट्रॉली नसेल. पण मुलगा परगांवीं गेल्यानें महिनोन् महिने बंगल्यापुढें उभी असलेली मोटार पुष्कळांकडे आहे, आणि सणावारीं तींतच आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सर्वांस बसवून आपण देवदर्शनास निघतों. पुढच्या रविवारीं ओला फडका घेऊन तिच्या चारही टायरांवरचे अंक वाचून पाहा. मूल वाचावयास शिकत असेल तर त्याच्याकडून वाचवून घ्या. त्याला आठवडे मोजण्याची गंमत वाटेल.

आमचा तो गडी फाल्गुनांत पुन्हां कामावर आला. त्याचा हात पूर्वीसारखा पुरता सरळ होत नाहीं. ट्रॉली निघण्याच्या दिवशीं सकाळीं तोच चारही चाकांची हवा मोजतो, आंकडे मोठ्यानें सांगतो, आणि मी ते वहींत उतरून घेतों. एकही आंकडा कमी भरला, तर ट्रॉली हलत नाहीं. हा अधिकार आम्हीं त्यालाच दिला आहे.