लाल दिव्यावर किती विसंबावे?

गेल्या उन्हाळ्यात मंडीदीपला मामांच्या न्हाणीघरात डार्करूम थाटली. आजीच्या तरुणपणीची एकच निगेटिव्ह घरात उरली आहे. तिची प्रिंट काढली, तर आजीचे पांढरे लुगडे राखाडी उतरले! मामा म्हणाले, "डेव्हलपर शिळा असेल." माझा संशय मात्र डोक्यावरच्या लाल झिरो बल्बवर होता.

लाल दिवा म्हणजे निर्धोक, ही भाबडी समजूत आहे. कृष्णधवल कागदाला निळा-हिरवा प्रकाश कळतो, लाल जवळजवळ कळत नाही. पण त्या 'जवळजवळ'मध्येच गोम आहे. बाजारी बल्बच्या रंगातून इतर प्रकाशही झिरपतो. शिवाय 'झिरो' हे नावापुरतेच. तारेचा जुना झिरो बल्ब सुमारे 15 वॅट खातो.

कोऱ्या कागदावर नाणे ठेवून सेफलाइटची परीक्षा घेतात, तीही फसवी. कागद काळवंडायला प्रकाशाची काही किमान रक्कम लागते. दिव्याने त्याहून कमी दिली, तर कागद कोराच राहतो; पण एन्लार्जरचा प्रकाश पडताच दोहोंची बेरीज होते. (आम्हां वाणिज्यवाल्यांना ही 'मागील बाकी' चांगलीच ओळखीची!) म्हणून कागदाला आधी फिकट राखाडी येईल इतका एन्लार्जरचा प्रकाश द्यावा, मग त्यावर नाणे ठेवून सात मिनिटे दिव्याखाली ठेवावा आणि डेव्हलप करावा.

मी तसे केले. नाण्याचा गोल स्वच्छ उमटला. मग योग्य फिल्टरचा दिवा चार फुटांवर टांगला. गोल नाहीसा झाला, लुगडेही पांढरे आले. मामा अजून डेव्हलपरलाच दोष देतात.