‘हेस्टी’ म्हणजे वेगवान नव्हे

नववीतल्या एका मुलाने वहीत इंग्रजी वाक्य लिहिले होते, ‘माझा भाऊ हेस्टी बोलर आहे.’ शब्दकोशात त्याला ‘घाईचा’ हा अर्थ सापडला आणि घाई म्हणजे वेग, असे त्याने धरले.

‘फास्ट’ने कौतुक करता येते, ‘हेस्टी’त बहुधा ठपकाच असतो. निर्णय, उत्तर, लग्न यांच्या आधी हा शब्द आला की समजावे, विचार न करता उरकलेले काम. मराठीत उतावळा, उर्दूत जल्दबाज. वेळ अपुरा म्हणून भराभर केलेल्या कामाला ‘हरीड’ म्हणावे. तिथे दोष घड्याळाचा असतो. (‘हेस्टी ब्रेकफास्ट’ मात्र नुसताच घाईघाईचा नाश्ता, त्यात ठपका नाही.)

कुरआनातही हा फरक दिसतो. सूरह बनी इस्राईलच्या 11व्या आयतीत माणसाला ‘अजूल’, म्हणजे उतावळा म्हटले आहे. सूरह आले इमरानच्या 133व्या आयतीत मात्र अल्लाहच्या क्षमेकडे त्वरेने जायला सांगितले आहे, आणि तिथला शब्द ‘सुरअत’च्या धातूतला आहे. जमाअत उभी राहिली तरी धावत येऊ नका, शांतपणे चालत या, असे हदीसमध्ये आहे.

आपल्या घरांतले ‘हेस्टी’चे सर्वांत कडू उदाहरण म्हणजे रागाच्या भरात एका दमात दिलेले तीन तलाक. इद्दतीची मुदत असते ती विचाराला, समेटाला वाव राहावा म्हणूनही. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी ही प्रथा रद्द ठरवली. त्याआधी किती घरे मोडली!

दुसऱ्या दिवशी मुलाने वाक्य बदलून आणले : भाऊ हेस्टी शॉट मारून बाद झाला. पूर्ण गुण दिले.