मातीचा बांध आणि सांडवा

मातीच्या लहान धरणाचे पुराच्या वेळचे काम एवढेच, की वरून एकदम आलेला लोंढा पोटात घ्यायचा आणि सांडव्यातून सावकाश सोडायचा. छत्रपती संभाजीनगरातल्या मुकुंदवाडीच्या पूर्वेला चिकलठाण्याजवळून जाणाऱ्या सुखनेसारख्या नदीला एरवी जेमतेम पाणी असते. पण बेसॉल्टच्या कातळावर मातीचा थर जेथे पातळ, तेथे जोराच्या सरीचे पाणी मुरण्याआधीच वाहू लागते. रस्ते, छपरे आणि सिमेंटची अंगणे वाढली, की ते आणखी लवकर नाल्यात पोचते.

मात्र धरणाचे पोट रिकामे असेल तरच पूर मावतो, आणि मराठवाड्यात नेमके येथेच अडते. 1972 च्या दुष्काळात गावोगाव पाझर तलाव झाले, ते पाणी साठवून मुरवण्यासाठी. ऑगस्टअखेर तलाव भरला की गाव खूश होते. मग सप्टेंबरात पाऊस कोसळला, तर सांडव्याच्या माथ्यावर पाणी चढेल तेवढीच जागा पुराला उरते. एकाच तलावावर दोन्ही कामांची भिस्त ठेवणे कागदावर सोपे असते.

बांधाचा गाभा चिकट काळ्या मातीचा असतो, कारण तिच्यातून पाणी फारसे झिरपत नाही. पण हीच माती उन्हाळ्यात पंजा शिरेल इतकी भेगाळते, म्हणून तिला दोन्ही बाजूंनी मुरमाचे कवच चढवतात. गाभ्याखाली घट्ट थर लागेपर्यंत चर खोदून तोही काळ्या मातीने भरतात. माती वीतभर थरात पसरायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा वळला पाहिजे, पण हाताला लगदा लागता कामा नये. पाण्याकडच्या उतारावर लाटांसाठी दगडांचे पिचिंग करतात.

सांडवा एका टोकाला, शक्यतो कातळात काढतात. मोठ्या पुरात पाणी जेथवर चढेल त्याहूनही बांधाचा माथा उंच ठेवावा लागतो, कारण मातीवरून पाणी ओसंडले की घळ पडते आणि बांध हां हां म्हणता वाहून जातो. साठा वाढावा म्हणून सांडव्यावर वाळूच्या गोण्या रचणे म्हणजे हीच उंची खाणे होय.

दुसरा धोका आतून येतो. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले आणि 20 च्या आसपास माणसे दगावली. गळतीच्या तक्रारी आधीपासून होत्या. जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले, आणि राज्यभर टवाळी झाली. खेकडे, घुशी बांध पोखरतात हे खरेच. पण बिळे दिसतात आणि बुजवताही येतात. बाभळी रोप असतानाच उपटाव्या लागतात, कारण मोठे झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट होते. मागच्या पायथ्याशी पाणी नितळ पाझरत असेल तर लक्ष ठेवले तरी चालते. गढूळ येऊ लागले तर आतली माती निघून चालली आहे.

पूर ओसरल्यावर तलाव झपाट्याने रिकामा करणेही घातकच, कारण पाण्याचा आधार सुटला की भिजलेला आतला उतार घसरतो.